गोड्या पाण्याचा साखरपुडा

मांडव उभा राहिला, खुर्च्यांना पांढरी कापडं चढली, फुलवाल्याने दारावर झेंडूच्या माळा सोडल्या, आणि आमदारांचं मत मात्र अजून तयार झालं नव्हतं.

आक्का कुंकवाचं तबक घेऊन दिवाणखान्यात आली तेव्हा हिरामण आरशासमोर उभा होता. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, वर मोरपंखी जाकीट आणि तोंडाची टकळी चालू. "इंधनाचे दर कमी झालेच पाहिजेत, पण राज्याच्या तिजोरीचाही विचार झाला पाहिजे. साखरेची आयात ही ग्राहकाच्या हिताची आहे, पण ऊस पिकवणारा शेतकरी..."

"हिरामन, आज तुझ्या पोरीचा साखरपुडा हाय. विधानसभा न्हाय."

"आक्का, मनोज येतोय कॅमेरा घेऊन. तीन विषयांवर मत द्यायचंय. इंधन, साखर आनि पानी. अधिवेशन तोंडावर आलंय. मांडवात हसऱ्या तोंडानं बोललो तर बरं दिसंल."

मनोज म्हणजे धामणकर नाक्यावरच्या एका मोबाइलवरल्या बातम्यांच्या चॅनेलचा मालक, वार्ताहर आणि कॅमेरामन, सगळं एकटाच. त्याच्या बातम्या बघणाऱ्यांत निम्मी भिवंडी होती आणि उरलेली निम्मी त्याला शिव्या देण्यासाठी बघायची.

"साखर परदेशातनं आनायची का न्हाय ते दिल्लीत ठरतं," आक्का म्हणाली. "तुझं मत इचारतंय कोन?"

"मत कोनी इचारत न्हाय गं. मत असावं लागतं."

आक्काने कपाळाला हात लावला. या भावाला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. लहानपणी भाकर देऊ का म्हणून विचारलं तर हा म्हणायचा, "दे, पन." पुढे काही नाही. नुसतं 'पन'. वडिलांनी, म्हणजे नानांनी, भातशेती गोदामवाल्यांना द्यायची ठरवली तेव्हा भांडणात सगळ्यांनी एक बाजू धरली, याने दोन्ही धरल्या. तेव्हाच आक्काला कळून चुकलं होतं की हा राजकारणात जाणार. दोनदा निवडून आला तो त्या एका शब्दावर. 'पण'च्या अलीकडचं ज्याला हवं त्याने अलीकडचं घ्यावं, पलीकडचं हवं त्याने पलीकडचं. सगळे आपापला तुकडा घेऊन खूश होऊन घरी जात.

तेवढ्यात राघो आला. हिरामणचा थोरला भाऊ, आक्काच्या पाठचा. दापोड्यातल्या गोदामांचा निम्मा माल त्याच्या ट्रकांनी जायचा आणि उन्हाळा लागला की त्याचे पाण्याचे टँकरही रस्त्यावर यायचे. आज रेशमी झब्बा घालून आला होता, त्यामुळे हातवारे जपून करत होता.

"हिरामन, पयले डिझेलवर बोल. बाकी सगलं मंग. गाडी गोदामातनं निघून नाक्याला पोचेपरत माझा जीव टाकीत अडकलेला असतो."

"बोलतो ना भाऊ. दर कमी झालेच पायजेत, पन..."

"त्यो पन काढून टाक!"

"पेढे कुठं ठेवू?" असं ओरडत गुणाबाई शिरली. चौघांत धाकटी, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. नवरा गेल्यावर नाक्यावरचं मिठाईचं दुकान तिने एकटीने असं चालवलं की समोरच्या हलवायाने कंटाळून मोबाइलची कव्हरं विकायला काढली. पेढ्यांचे खोके तिने थेट हिरामणच्या भाषणाच्या कागदांवर ठेवले. "दादा, साखरेचं काय ठरलं? बाहेरनं येऊ दे म्हनून सांग बरं. दिवालीला भाव चढला तर पेढा काय मी गुलाचा करू?"

"गुना बरोबर बोलते," राघो लगेच म्हणाला. "साखर आली का बंदरातनं माझ्या गाड्या भरून येतील."

गुणाबाईने भावाकडे कौतुकाने बघितलं. दोघांत गेले सहा महिने बोलणं नव्हतं, ते साखरेने जुळलं. पण मोजून चार वाक्यं टिकलं.

"मंग भाडं कमी लावशील ना?"

"डिझेल खाली आलं तर."

"म्हंजे साखर स्वस्त आनायची ती तुझ्या गाडीत महाग व्हायला?"

"तर मंग नको आयात! हिरामन, सांग त्यांना, आयात नको!"

यावर हिरामण काही बोलणार तोच फोन वाजला आणि तो ताडकन उभा राहिला. तो आधीच उभा होता, तरी आणखी उभा राहिला. पलीकडे साहेब होते. साहेबांचा साखर कारखाना होता आणि पुढच्या निवडणुकीची तिकिटंही त्यांच्याच हातात होती. "होय साहेब. आयात नकोच साहेब. अगदी ठामपणे मांडतो साहेब." इथे मात्र एकही 'पण' आला नाही. गुणाबाईने पेढ्यांचे खोके परत उचलून काखेत घेतले.

"ठेव ते खाली," आक्का म्हणाली. "पोरीच्या साखरपुड्याचे हायत, ह्याच्या न्हाय. आनि राघो, माझ्या पान्याचं काय जालं?"

"गाडी निघालीय कवाची. आलीच समज."

हे पाणी म्हणजे आक्काच्या जिवाचा घोर होता. दापोड्याच्या बोअरला खाडीचं पाणी लागलेलं, जिभेवर ठेवलं की तोंड वाकडं व्हावं. चहा केला तर दूध नासायचं. नळ एक दिवसाआड, तोही लहर लागली तर. एवढे पाहुणे, त्यात दिघाशीचे, मुलाकडचे. त्यांना खारट चहा पाजायचा? म्हणून तिने कालच राघोला सांगितलं होतं, कुठूनही आण, पण गोडं पाणी आण. आता ती 'कुठनं' म्हणून विचारणारच होती, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मनालीची हाक आली आणि ते राहून गेलं.

मनाली नऊवारीच्या घोळात अडकून पलंगावर बसली होती. आई तिच्या लहानपणीच गेली. तेव्हापासून तिची वेणी, तिचा अभ्यास, तिचे रुसवे सगळं आक्काच्या वाट्याला. आक्का सासरहून परत आली ती मोकळ्या हातांनी, आणि या पोरीने ते हात भरून टाकले. आक्काला तिच्यापेक्षा जवळचं कुणी नव्हतं, आणि हे ती कुणापुढेही बोलून दाखवायची.

"आत्या, दीपेशच्या आजी आज काही बोलणार नाहीत ना?"

"कशाला बोलंल? आता सगलं ठरलंय."

ठरलं होतं, पण कसं ते दोघींनाच माहीत. दिघाशीचा दीपेश आणि मनाली एकाच गोदामात कामाला, हा हिशेब ठेवायला आणि ही माल तपासायला. मनं जुळली, घरी कळलं आणि दीपेशची आजी ठमाबाई आडवी आली. "टँकरवाल्यांच्या घरची पोरगी माझ्या उंबऱ्यात न्हाय यायची." कारण उघड होतं. दिघाशीची विहीर गोडी, आणि टँकरवाल्यांनी उन्हाळ्यात ती एवढी उपसली की गावच्या बायांना खरवडून हंडा भरावा लागे. दीपेश आजीच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. आईबापामागे तिनेच वाढवलेला पोरगा तो. मनालीने तेव्हा आठवडाभर जेवण टाकलं होतं आणि आक्काने तिच्याबरोबर.

मग हिरामणची दिघाशीत सभा झाली. मंचावर तो गरजला, "गावचं पाणी आधी गावाला!" आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. माइक मुका झाला. पुढचा 'पण' बोलला गेला असणारच, पण कुणाच्या कानावर पडला नाही. पहिल्या रांगेत ठमाबाई बसली होती. तिने घरी जाऊन सांगितलं, "मानूस खरा हाय. पोरगी आना." हिरामणला ते वाक्य एवढं लागू पडलं की त्याने ते स्वतःच्या हसऱ्या फोटोसकट राघोच्या सगळ्या टँकरांच्या पाठीवर रंगवून घेतलं. आणि राघोने आक्काच्या गळ्याची शपथ घेतली, दिघाशीला आपली गाडी जाणार नाही.

"आज त्यांनी आपल्या घरचं पानी घेतलं का मंग काय बी चिंता न्हाय," आक्का निऱ्या नीट करत म्हणाली. रीतच तशी होती. मुलाकडच्या वडील बाईने आधी मुलीच्या घरचं गूळपाणी घ्यायचं, तिने पेला रिकामा केला की मगच साखरेचा पुडा फुटायचा. ती पाणी प्यायली नाही तर मांडवात हजार माणूस असलं तरी साखरपुडा झाला असं कुणी म्हणणार नाही.

खाली हॉर्न वाजला. एक, मग दुसरा, मग रांगेने सगळे.

आक्का सज्जात आली आणि तिथेच खिळली. फाटकातून आधी राघोचा टँकर आत येत होता, पाणी गळत, डुलत, सावकाश. त्याला चिकटून मागे दिघाशीकरांची इको, तिच्यामागे आणखी गाड्या. टँकर वळला तशी त्याची पाठ दिसली. हिरामण दात दाखवत हात जोडून उभा, आणि खाली ठळक अक्षरांत: गावचं पाणी आधी गावाला.

इकोत पुढच्या सीटवर ठमाबाई. हातात साखरेचा पुडा, कडेवर मूल धरावं तसा धरलेला, आणि चेहरा दगडासारखा.

"आक्काबाय, पानी!" टँकरच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून आनंदाने आरोळी ठोकली. "दिघाशीचं हाय! लय गोडं! राघोशेठ बोलले, घरचं कार्य हाय, येकदम भारीतलं आन!"

आक्का सज्जातून वळली. ती जिना कसा उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही.

मांडवात पाहुणे टेकले. ठमाबाई मधल्या खुर्चीत बसली, पुडा मांडीवर. शेजारी दीपेश, नवा कोट घालून घामाघूम. त्याने आक्काकडे असं काही बघितलं की तिला त्या पोराची दयाच आली. गूळपाण्याचं तबक तिने पुढे केलं. टँकर अजून उतरायचा होता, म्हणून नळाच्या उरल्यासुरल्या पाण्याचे दोनच पेले भरले होते.

ठमाबाईने पेल्यावर तळवा ठेवला.

"आक्काबाय, रागावू नका. एक सांगते. आमी घरनं निघालो तवा ही गाडी आमच्या विहिरीत पाइप सोडून उभी होती. गावातल्या बाया हंडे घेऊन बाजूला. आमी निघालो, तशी ही पन निघाली. आमच्या म्होरं लागली. हॉर्न मारला, साइड देईना. रस्ता अरुंद, जानार कुठं? नाक्यावर ट्रॅफिक लागली, तिथं पन हीच म्होरं. सगल्या रस्त्यानं मी तुमच्या आमदारांचं तोंड बघत आलेय. दीपेश, काय लिवलंय रे पाठीवर? वाच."

"आजी, राहू दे ना."

"वाच."

दीपेशने मान खाली घालून वाचलं.  तेवढ्यात लाल पटक्यातला सनईवाला आत शिरून वाजवायला लागला, तर गुणाबाईने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

हिरामण पुढे आला. दोन्ही हात जोडून, अगदी टँकरवरच्यासारखा. "आजी, आपली भावना मी समजतो. गावच्या पाण्यावर पहिला हक्क गावाचाच आहे, यात दुमत नाही, पण..."

"हां," ठमाबाई म्हणाली. "त्या दिवशी लाइट गेली नसती तर आमी तेवाच उठून गेलो असतो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दीपेश हसला नाही.

हिरामण राघोकडे वळला. "भाऊ, तू शपथ घेतली होतीस ना?"

"घेतली होती. पालली पन होती. आजचं तेवढं सोड." राघोने झब्ब्याच्या बाह्या सावरल्या. "अरे, गोडं पानी पायजे म्हनाले. दिघाशी सोडली तर गोडी विहीर पार तिकडं वाडा तालुक्याच्या अंगाला. डिझेलचा भाव बघ नि मंग बोल! तू विधानसभेत धड बोलला असतास तर माझी गाडी लांब गेली असती."

"म्हंजे ह्यात माझी चूक?"

"अर्धी तुझी. अर्धी डिझेलची."

"आनि तुझी कवा येनार?" गुणाबाई राघोवर धावली. "भाडं वाढवायला तुला डिझेल, पानी चोरायला पन तुला डिझेल!"

"तू गप! तुझ्या दुकानातल्या चहाला कुठलं पानी लागतं सांगू काय सगल्यांना?"

गुणाबाईने जीभ चावली. ती हळूच हिरामणच्या बाजूला सरकली. हिरामण राघोच्या बाजूला सरकला, कारण टँकर कोणाचा हा विषय वाढला तर त्यावर फोटो कोणाचा हेही आलंच. तिघं भावंडं क्षणभर एका ओळीत उभी राहिली, आणि मग राघोने बोट केलं.

"पन गोडं पानी मागवलं कोनी? आक्कानं!"

सगळा मांडव आक्काकडे वळला. जिन्यावर नऊवारीतली मनाली येऊन उभी राहिली होती. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं, ते आक्काला दिसलं. हिचा संसार आपल्या एका चहाच्या हौसेपायी मोडायला आला. असा राग आला तिला, भावांचा, त्या टँकरचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"मीच मागवलं," ती म्हणाली. "कुठनं आनतोस ते इचारलं न्हाय. आमच्या घरात तशी सवयच न्हाय इचारायची. ठमाबाय, बोल लावायचा तर मला लावा, पोरीला नको." तिने तबक खाली ठेवलं, पदर खोचला आणि ड्रायव्हरला हाक मारली. "ए बाबा! पाइप काढू नको. थेंब उतरवायचा न्हाय. गाडी फिरव नि जा दिघाशीला. त्याच विहिरीत रिकामी कर."

"आक्का, येडी जालीस का?" राघो ओरडला. "विहिरीतनं काढलेलं पानी परत कोन ओततं?"

"तू ओतनार. तू पन जा गाडीत बसून."

"मी? झब्ब्यात?"

"झब्ब्यात."

"अगं, जान्यायेन्याचं डिझेल!"

"तुझंच."

राघोने हिरामणकडे बघितलं. हिरामणने जाकिटाचं बटण बघितलं. गुणाबाईकडे बघायचा प्रश्नच नव्हता, ती टँकरचं दार उघडून धरून उभी होती. शेवटी राघो रेशमी झब्बा गुडघ्यापर्यंत उचलून केबिनमध्ये चढला आणि दिघाशीकरांच्या सगळ्या गाड्यांनी मागे सरून त्याला वाट करून दिली. या वेळी साइड लगेच मिळाली.

टँकर गेला. ठमाबाई अजून बसलेलीच होती.

"पानी गेलं," ती जरा मऊ आवाजात म्हणाली. "पन उद्या परत येनार न्हाय कशावरनं? आक्काबाय, तुमच्यावर माझा इस्वास हाय. पन गाडीच्या पाठीवर तुमचं तोंड न्हाय."

आक्का स्वयंपाकघरात गेली. बोअरचा नळ सोडला. दोन पेले भरले, तबकात ठेवले आणि बाहेर आणले. "ह्ये आमच्या घरचं. खारं हाय. आमी ह्येच पितो."

"सगले?" ठमाबाईने विचारलं.

आक्काची नजर जिन्याकडे गेली. हिरामणच्या पाण्याच्या बाटल्यांचे खोके जिन्याखाली रचून ठेवलेले होते आणि ठमाबाईच्या खुर्चीतून ते चांगले दिसत होते.

"मंग पयला पेला आमदारांना," ठमाबाई म्हणाली. "ते पियाले का मी पिते." आक्काने एक पेला हिरामणच्या हातात दिला.

आणि त्याच घटकेला, देवाने नेमून धाडल्यासारखा, मनोज आला. मोबाइल काठीला लावलेला, लाल दिवा चालू. त्याला वाटलं, आमदारांनी हातात पाण्याचा पेला मुद्दाम धरलाय, किती कल्पक माणूस! "नमस्कार! आपण थेट आहोत आमदार साहेबांच्या निवासस्थानी. साहेब, पाणी धोरणाबद्दल आपलं मत?"

हिरामणने आधी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग पेल्याकडे. तोंडावर ते टँकरवरचं हसू चढायला लागलं. वाक्य तयारच होतं, सकाळपासून घोटलेलं. तेवढ्यात त्याची नजर जिन्याकडे गेली. मनाली हाताच्या मुठी आवळून उभी होती. ती बाबांकडे बघत होती, पण आशेने नाही. काय होणार हे आधीच माहीत असलेल्या माणसासारखी बघत होती. आक्काला ते दिसलं, आणि तिला कळलं की हिरामणलाही दिसलं.

हिरामणने पेला तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला.

त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की मनोजने दचकून मोबाइल सरळ केला. जाकिटातला माणूस डोळे मिटून, नाक आक्रसून, जीभ टाळूवर घासत उभा. मांडव वाट बघत राहिला. सगळ्यांनाच ठाऊक होतं पुढे काय येणार.

"खारं हाय," हिरामण म्हणाला.

घरातली बोली कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदाच आली. मनोज गोंधळला.

"लय खारं हाय. आमच्या दापोड्याचं पानी खारं, नि दिघाशीचं गोडं. म्हनून आमच्याच घरच्या गाड्या ते उचलतात. मला म्हाईत होतं. मी इचारलं न्हाय, कारन इचारलं का मत द्यावं लागतं. आजपासनं बंद. आमची गाडी त्या विहिरीवर दिसली तर टायरची हवा काढा, मी सांगितलंय म्हना."

"पण साहेब," मनोज म्हणाला, "टँकर तर आपल्याच बंधूंचे, मग त्यांचा धंदा..."

"पन न्हाय," हिरामण म्हणाला.

मांडवात कुणाला टाळ्या वाजवायचं सुचलं नाही, एवढं ते अनपेक्षित होतं. हिरामणचा फोन कारखान्याच्या साहेबांच्या नावाने टेबलावर थरथरत राहिला, कुणी उचलला नाही. मनाली जिन्यावरच मटकन बसली आणि रडायला लागली, आणि आक्काही तोंडाला पदर लावून रडली. इतक्या वर्षांची मेहनत, आज पोरगं बोलायला शिकलं.

ठमाबाईने दुसरा पेला उचलला. एका दमात प्यायली. तिचंही तोंड वाकडं झालं, पण थेंब ठेवला नाही. "अगं आई, काय वंगाल पानी हाय ह्ये! पोरी, तू ह्येच पिऊन एवढी गोड कशी जालीस? चल, खाली ये. ओटी भरू दे."

सनईवाल्याला आता कुणी थांबवलं नाही. साखरेचा पुडा फुटला, कुंकू लागलं, अंगठ्या झाल्या. दीपेशचा घाम एकदाचा सुकला. खाऱ्या पाण्याचा चहा आला, नासून फाटलेला. दिघाशीकरांनी तो मुकाट्याने संपवला आणि वर गुणाबाईचे पेढे खाल्ले. मनोजने तीन विषयांपैकी दुसरा काढायचा प्रयत्न केला. "साहेब, साखरेच्या आयातीवर..." तेव्हा ठमाबाईने पुड्यातली चिमूटभर साखर थेट हिरामणच्या तोंडात घातली. "आज एकच मत पुरे. दिवसाला दोन दोन झेपायची न्हायत ह्यांना."

तेवढ्यात आक्काचा फोन वाजला. राघो. आवाज दमलेला, मागे बायकांचा कलकलाट.

"ओतलं सगलं. बाया हसतायत मला बघून. झब्बा भिजला. आनि आक्का, गाडीतलं डिझेल संपलं. टँकर विहिरीवरच उभा हाय."

आक्काने मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. ठमाबाईने क्षणभर विचार केला. "उभा राहू दे. पाठ गावाकडं करून ठेव म्हना. पानी भरायला आलेल्या बायांना रोज वाचायला मिलंल. आनि इसरले कोनी, तर आमदारांना पन वाचायला बोलवू."

सगळा मांडव हसला. हिरामणही हसला, साखर गिळत, हात जोडत. "राहू दे की, काय हरकत न्हाय. पन..."

आक्काने पुड्यातून साखरेची दुसरी चिमूट उचलली, चांगली मोठी, आणि त्याच्या उघड्या तोंडात घातली.